शॉकॉप्सरचा बूट वर करून बघा

मार्च उजाडला की आमच्या झिंडेलफिंगेनमध्ये मोटारसायकली जाग्या होतात. थंडीचे चार-पाच महिने त्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चादरीखाली झोपलेल्या असतात. इथे हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक ०३ आणि १० असे आकडे असले, तर ती गाडी मार्च ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर आणायची. विमा आणि करही तेवढ्याच महिन्यांचा. हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ म्हणजे लोखंडाचा वैरी, त्यामुळे ही पद्धत गाडीच्याही पथ्यावर पडते.

माझ्याकडेही अशीच एक सेकंडहँड मोटारसायकल आहे. तीन वर्षांपूर्वी घेतली. त्याआधी लायसन्ससाठी लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागल्या, कारण आपलं भारतीय लायसन्स इथे नुसतं बदलून मिळत नाही. कराडच्या उसाच्या रस्त्यांवर दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला शिकवणीच्या गाडीवर बसवून ‘आता खांद्यावरून मागे बघा’ असं सांगतात, तेव्हा जीव कानकोंडा होतो. असो. गाडी आली, आणि मी तिच्या पुढच्या शॉकॉप्सरना हौसेने कव्हरं बसवली. पाइपाभोवती गुंडाळायची, कडेला वेल्क्रो लावायचा, झालं. धूळ नको, चिखल नको, किडे नकोत. मित्रांना फोटोसुद्धा पाठवले.

या वर्षी मार्चमध्ये गाडी तपासणीला नेली. जर्मनीत मोटारसायकलची दर दोन वर्षांनी तपासणी करून घ्यावीच लागते. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, पण बोलताना सगळे ‘ट्यूफ’ म्हणतात. पास झालात की नंबरप्लेटवर एक गोल रंगीत स्टिकर मिळतो. पुढची तपासणी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, हे त्यावरून पोलिसाला लांबूनच कळतं.

तपासनिसांनी दिवे बघितले, टायर बघितले, हॅंडल डावी-उजवीकडे फिरवलं. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी दोन-तीनदा खाली दाबली, उकिडवे बसले आणि मला विचारलं, “हे काढू का?”

मी म्हटलं, “काढा की.”

त्यांनी वेल्क्रो सोडला आणि पाइपावरून बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. बोटावर काळपट तेल. कव्हराखाली ओल धरलेली माती, तिच्याखाली चमकत्या पाइपावर गंजाचे बारीक ठिपके आणि ऑइल सीलमधून झिरपणारं तेल थेट ब्रेकच्या दिशेने निघालेलं. अहवालात शेरा आला, ‘गंभीर दोष’. स्टिकर नाही. एका महिन्यात दुरुस्त करून पुन्हा दाखवा.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते असं की मी कव्हर बसवलं, या समाधानात दोन वर्षं ते उघडून बघितलंच नव्हतं. ज्या गावात १९१५ साली डाइमलरने कारखाना काढला, जिथे चौकातले काही झेब्रा पट्टेसुद्धा संगमरवराचे आहेत, त्या गावात मी गाड्यांच्याच सॉफ्टवेअरवर पोट भरतो. माझ्या स्क्रीनवर ‘सस्पेन्शन’ हा रोज दिसणारा आकडा. पण स्वतःच्या गाडीचं सस्पेन्शन खाली वाकून बघायला मला सवड झाली नव्हती.

आत नेमकं असतं काय?

आपण सरसकट ‘शॉकॉप्सर’ म्हणतो, पण त्यात दोन वेगवेगळी कामं करणारे दोन गडी असतात. एक स्प्रिंग आणि दुसरं तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण नुसती स्प्रिंग असेल तर ती दबल्यावर उसळणार, पुन्हा दबणार, पुन्हा उसळणार. लहान मुलांच्या उड्या मारायच्या गादीसारखं. ती उसळी मारायचं काम तेल करतं. पाइप वर-खाली होताना आतलं तेल बारीक भोकांमधून ढकललं जातं. तेलाला तिथून जायला कष्ट पडतात आणि त्या कष्टात उसळीचा जोर संपतो. स्प्रिंग वजन पेलते, तेल चाक रस्त्याला धरून ठेवतं.

पुढच्या शॉकॉप्सरमध्ये क्रोमचा गुळगुळीत पाइप खालच्या नळीत वर-खाली सरकतो. दोघांच्या सांध्यावर रबराचं ऑइल सील असतं आणि त्याच्यावर धूळ अडवणारं डस्ट सील. सीलची कड पाइपाला अगदी चिकटून असते. ती कड आणि तो गुळगुळीतपणा, या दोनच गोष्टींवर सगळं तेल आत टिकतं. पाइपावर चिखल वाळला, किडे चिकटून कडक झाले किंवा गंजाचा एक ठिपका पडला, तर प्रत्येक खड्ड्याला तो कण सीलच्या कडेवरून काचकागदासारखा घासत जातो. हजार खड्ड्यांनंतर सील हार मानतं. आणि आपल्याकडे हजार खड्डे मोजायला किती दिवस लागतात, हे मी सांगायला नको.

तेल गळलं की दोन गोष्टी होतात. एक, चाक रस्त्यावर नाचायला लागतं, ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं आणि थांबायला जास्त जागा लागते. दुसरी गोष्ट अधिक वाईट. तेल नळीवरून ओघळत खाली येतं, आणि खाली काय असतं? पुढचा ब्रेक. डिस्कब्रेकच्या पॅडने एकदा तेल प्यायलं की तो ब्रेक भरवशाचा राहत नाही. म्हणजे ज्या क्षणी थांबायचं असतं, त्याच क्षणी दोन्हीकडून दगा.

बुटांची जुनी वंशावळ

आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर श्टुटगार्टचा कानश्टाट भाग आहे. तिथे गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली, तिचं नाव ‘रायटवागेन’. लाकडी सांगाडा, लाकडी चाकं, त्यांवर लोखंडी धावा, इंजिन अर्ध्या अश्वशक्तीचं आणि चाकांना शॉकॉप्सर अजिबात नाहीत. तिची प्रतिकृती श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात बघताना माझ्या मनात पहिला विचार आला, तो चालवणाऱ्याच्या पाठीचा.

तेलाने उसळी मारणारा दुर्बिणीसारखा सरकता फोर्क कारखान्यात तयार होणाऱ्या मोटारसायकलवर आणला तो बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आपल्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर. आज आपण जे पुढचे दोन पाइप बघतो, ते त्याच घराण्यातले. पुढे आमच्या भागातच, ट्युबिंगेनजवळच्या प्फेफिंगेनमध्ये, ‘मायको’ नावाची कंपनी चिखलात पळवायच्या गाड्या बनवत असे. सत्तरच्या दशकात मायकोच्या गाड्यांवर मागचे शॉकॉप्सर पुढच्या बाजूला सरकवून चाकाला वर-खाली व्हायला जास्त वाव दिला गेला आणि मोटोक्रॉसची शर्यत बदलली. १९८३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, पण इथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांत मायकोचं नाव काढलं की अजून चमक येते.

पाइप झाकायची युक्तीही जुनीच. जुन्या बुलेटचे पुढचे पाइप पत्र्याच्या नळकांड्याने झाकलेले असत. मग आले रबराचे बूट, म्हणजे लोहाराच्या भात्यासारखे घड्या घातलेले रबरी नळे, जे चाकाबरोबर मिटतात आणि उघडतात. बजाजच्या सीटी मालिकेतल्या काही गाड्यांवर आणि रॉयल एनफील्डच्या हिमालयनवर ते कंपनीकडूनच आलेले दिसतात. कामाच्या गाडीला बूट असतात, मिरवायच्या गाडीला नसतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. कॉलेजात असताना आम्ही मित्रांच्या गाड्यांचे बूट मुद्दाम काढून टाकायचो, पाइप चमकलेले दिसावेत म्हणून. आता त्या शहाणपणाची लाज वाटते.

‘गाडी झकास आहे’

तपासणीत नापास झालो त्याच संध्याकाळी घरी फोन लावला. आमचं गाव कराडपासून जवळच. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. २०११ मध्ये नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी त्यांना मोटारसायकल घेऊन दिली होती. गळीत हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला काळ्या रानाचा चिखल पाइपांना लिंपून बसतो, म्हणून फाट्यावरच्या मिस्त्रींनी त्या गाडीला रबरी बूट बसवले होते. दर पंधरा दिवसांनी अण्णा आणि आई त्याच गाडीवरून कराडला दवाखान्यात जातात. आईला शुगर आहे.

“अण्णा, गाडी कशी चाललीय?”

“झकास हाय. का रं?”

“पुढचे बूट कधी वर करून बघितलेत का?”

“अरं, तू तिकडं बसून माझ्या गाडीचे बूट कशाला बघतोस? तुझं काम बघ. गाडी झकास हाय.”

पण मला राहवेना. रविवारी चुलतभावाला घरी पाठवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. त्याने खालची क्लिप सोडून बूट वर सरकवला. आत वाळलेल्या मातीचं वेटोळं, त्यात मुरलेलं तेल आणि पाइपावर तांबूस पट्टा. दुसऱ्या बाजूला तर खालपर्यंत ओघळ आलेला. माझ्या गाडीसारखंच चित्र, फक्त जास्त जुनं. बूट वरून धुतलेले, काळेभोर, छान दिसत होते.

अण्णा काही बोलले नाहीत. आई मागून म्हणाली, “सांगा की त्याला आता.”

मग कळलं. गेल्या श्रावणात दवाखान्यातून येताना पुढे कुत्रं आडवं आलं. अण्णांनी ब्रेक दाबला, गाडी थांबायची तिथे थांबली नाही, पुढचं चाक सरकलं आणि दोघं पडले. वेग कमी होता म्हणून निभावलं. आईच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर होतं, सव्वा महिना. त्या सव्वा महिन्यात मी दर शनिवारी तिच्याशी व्हिडिओवर बोललो होतो. ती फोन डाव्या हातात धरायची आणि उजवा हात पडद्यावर येऊच द्यायची नाही.

“काळजी करशील म्हणून नाय सांगितलं,” ती म्हणाली. “आणि गाडी तू घेतलेली. तिला नाव ठेवलं तर तुला वाईट वाटंल, असं ह्यांचं म्हणणं.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. तेलामुळेच पडले, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. ओला रस्ता होता, कुत्रं होतं. पण ब्रेकच्या पॅडला तेल लागलेलं होतं, हे नंतर पॅड काढल्यावर दिसलंच. शनिवारच्या कॉलवर आम्ही एकमेकांना ‘सगळं ठीक आहे ना’, ‘ठीक आहे’ म्हणत होतो आणि कोणीच बूट वर करून बघत नव्हतं.

मिस्त्रींची शिकवणी

दुसऱ्या दिवशी गाडी फाट्यावर गेली. मी फोनवरून हजर होतो. मिस्त्री सत्तरीला टेकलेत, पण हात स्थिर. दोन्ही पाइप खाली घेतले. एका पाइपाचा गंज फक्त वरवरचा निघाला. तो त्यांनी तेलात भिजवलेल्या अगदी बारीक पॉलिश पेपरने काढला आणि नख फिरवून बघितलं. नख अडत नाही, म्हणजे पाइप वापरता येईल. दुसऱ्यावर खड्डे पडले होते. तिथे त्यांनी मान हलवली. नवीन पाइप. “ह्याच्यावर नवीन सील घातलं तर महिन्यात फाडंल. शंभराचं सील वाचवायला जाल आणि पुन्हा इथंच याल.”

मी विचारलं, “मिस्त्री, बूट असूनही असं कसं झालं?”

ते हसले. “पायात बूट घातले म्हणून पाय धुवायचं सोडतो का आपण?”

खरं तर हा लेख इथेच संपायला हरकत नाही. पण त्यांनी त्या तासाभरात जे सांगितलं आणि नंतर माझी गाडी दुरुस्त करताना जे मला पटत गेलं, ते गावाकडे आई-वडील असणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

बूट घेताना मापाचा घ्या. चाक पूर्ण खाली लोंबलं असताना तो ताणला जाऊन सुटता कामा नये, आणि पूर्ण दबल्यावर त्याच्या घड्या कुठे अडकता कामा नयेत. हॅंडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, वायर किंवा ब्रेकचा पाइप त्याला घासत नाही ना. चांगल्या बुटाला हवा जायला छोटी भोकं असतात. बसवताना ती मागच्या, खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळेल. बूट उन्हाने तडकला की ताबडतोब बदला. तडकलेला बूट पाणी आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, म्हणजे नसलेला बरा.

माझ्यासारखी वेल्क्रोची कापडी कव्हरं असतील तर ती ओली राहू देऊ नका. पावसातून आलात की सोडा, पाइप पुसा, कव्हर वाळवा, मग लावा. हिवाळ्यासाठी गाडी ठेवून देताना तर ती काढूनच ठेवावीत, हे मला आता कळलं.

मागच्या शॉकॉप्सरची गोष्ट थोडी वेगळी. दोन शॉकॉप्सरच्या गाडीत ते बाजूला असतात, त्यामुळे दिसतात आणि पुसले जातात. एकच मोनोशॉक असलेल्या गाडीत तो नेमका मागच्या चाकासमोर बसतो आणि चाकाने उडवलेला सगळा चिखल अंगावर घेतो. तिथे घट्ट कापड गुंडाळण्यापेक्षा चाकावरचा आतला मडगार्ड आणि रबरी पडदा जागेवर आहे का, हे आधी बघावं. शॉकॉप्सर काम करताना तापतो. त्याला वारा लागू दिला पाहिजे. मागे डबलसीट बसणार असेल तर खालच्या खाचांची रिंग एक-दोन घर पुढे घ्या आणि दोन शॉकॉप्सर असतील तर दोन्हीकडे सारखीच.

धुताना दोन चुका आपण सर्रास करतो. पहिली, प्रेशरच्या पाण्याची नळी थेट सीलवर धरणं. तो झोत माती काढत नाही, आत ढकलतो. दुसरी, ‘चमक येते’ म्हणून डिझेल फवारून घेणं. डिझेलने रबर फुगतं आणि मऊ पडतं. बूटही जातात, सीलही. साधं पाणी, मऊ फडकं, किडे वाळले असतील तर ओलं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवायचं आणि मग पुसायचं. सुरीने, नखाने खरवडायचं नाही.

गळती दिसली तर घाबरू नका. कधी कधी सीलच्या कडेखाली नुसता मातीचा कण अडकलेला असतो. डस्ट सील हलकेच सरकवून, पातळ गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी कडेखाली घालून पाइपाभोवती फिरवली की तो कण बाहेर येतो आणि गळती थांबते. जुने मिस्त्री यासाठी कॅमेऱ्याच्या रोलचा तुकडा जपून ठेवत. तरीही गळत असेल तर सील बदला, आणि दोन्ही बाजूंची एकदमच बदला. तेल भरताना गाडीच्या पुस्तकात दिलेलंच घ्या. उरलेलं इंजिन ऑइल ‘तेल ते तेल’ म्हणून ओतायचं नाही. दोन्हीकडची पातळी सारखी ठेवा. आणि तेल ब्रेकच्या पॅडपर्यंत पोचलं असेल तर पॅड पुसून वापरायचा मोह टाळा. नवे घाला.

शेवटी मिस्त्रींची तपासणी. पुढचा ब्रेक दाबून धरा, हॅंडलवर जोर देऊन गाडी खाली दाबा आणि सोडा. ती एकदा वर येऊन शांत बसली पाहिजे. होडीसारखी डुलत राहिली, तर आत तेल नाही. याला ना मशीन लागतं ना पैसे. माझ्या जर्मन तपासनिसांनी नेमकं हेच केलं होतं.

केर आणि केरवोखे

माझी गाडी मी स्वतः दुरुस्त करायची ठरवली. सोसायटीच्या अंगणात तेलाचं काम करायला इथे परवानगी नाही आणि रविवारी हातोडी उचलली तर शेजारी खिडकीत येतात. पण तासाच्या भाड्याने जागा, लिफ्ट आणि पाने-हत्यारं देणारी वर्कशॉप मिळतात. तिथे एक शनिवार घालवला. फोन टूलबॉक्सला टेकवून उभा केला आणि साडेतीन तास पुढच्या घड्याळातून मिस्त्रींनी माझ्यावर देखरेख केली. “सील तिरकं जातंय साहेब, थांबा. आधी कडेला तेल लावा.” शेजारच्या लिफ्टवरचे जर्मन काका कुतूहलाने बघत होते. हे कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझे प्राध्यापक. जुनं तेल दुकानदाराला परत दिलं. इथे तेल विकणाऱ्याला जुनं तेल परत घ्यावं लागतं, तसा कायदाच आहे. महिना भरायच्या आत गाडी पुन्हा दाखवली आणि स्टिकर मिळाला.

तरीही मी जर्मनीचे गोडवे गाऊन थांबणार नाही. ट्यूफ दोन वर्षांतून एकदा येतो. मधले सातशे दिवस गाडी तुमची असते, आणि त्या सातशे दिवसांत मी काय केलं ते वर सांगितलंच आहे. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पीयूसी धूर तपासते. म्हणजे पंधरा वर्षं कोणी सरकारी माणूस वाकून शॉकॉप्सर बघत नाही. ते काम फाट्यावरचा मिस्त्री करतो किंवा कोणीच करत नाही. गंमत म्हणजे शॉकॉप्सर बनवण्यात आपण मुळीच मागे नाही. वाळूजची एंड्युरन्स आणि नाशिक-चाकणची गॅब्रिएल ही नावं या धंद्यात मोठी आहेत. कमी पडते ती वाकून बघण्याची सवय.

इथल्या श्वाबेन प्रांतात ‘केरवोखे’ नावाची एक प्रथा आहे. इमारतीतल्या भाडेकरूंनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना आणि अंगण झाडायचं. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. जर्मन भाषेत ‘केर’चा संबंध झाडण्याशी आणि मराठीतही केर म्हणजे केरच. पहिल्यांदा ती पाटी दारावर दिसली तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं, आणि ती पोट धरून हसली होती. जिना घाण दिसतोय म्हणून झाडायचा नसतो, पाळी आली म्हणून झाडायचा असतो. देखभालीचं इतकं साधं सूत्र मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडलं नाही.

आमच्या घरात आता तशीच एक पाळी लागलीय. महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा फोन स्टँडवर लावतात, बुटाची क्लिप सोडतात आणि पाइपावरून पांढरं फडकं फिरवून मला दाखवतात. मग माझी पाळी. मी तळघरात जाऊन माझी कव्हरं सोडतो आणि फडकं त्यांना दाखवतो. तेलाचा डाग नसला की दोघांचं समाधान. शेवटी आई कॅमेऱ्यापुढे येते आणि न सांगता दोन्ही हात वर करून दाखवते, आणि मग आम्ही तिघंही हसतो.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूचा हार हॅंडलला बांधतो. ही किती सुंदर रीत आहे, हे परदेशात आल्यावर जास्त कळतं. वर्षातून एकदा का होईना, यंत्रापुढे वाकायला लावणारी. या वर्षी एवढंच करा. हार घालण्याआधी, वाकलेलेच आहात तर, शॉकॉप्सरचा बूट वर करून बघा. आणि गावाकडे फोन करून सांगा की तिकडचाही बघा. ‘झकास हाय’ असं उत्तर आलं तरी, कृपा करून, एकदा बघाच म्हणावं.